भिंतींचा वाटा

विंड टनेलच्या, म्हणजे वारा सोडून तपासणी करायच्या बोगद्याच्या, काचेतून धुराच्या रेघा विमानाच्या छोट्या पंखावरून जाताना दिसल्या, की मला त्या हवेची कीव येते. उघड्या आकाशात ती मोकळेपणी बाजूला सरली असती. इथे चहूकडून भिंती, म्हणून ती आक्रसते, पंखाजवळून जास्त वेगाने पळते, आणि पंख असतो त्यापेक्षा चांगला भासतो. त्यामुळे मिळालेल्या आकड्यांतून भिंतींचा वाटा काढून टाकावा लागतो.

स्पर्धेला आमच्या कॉलेजचा एकच पंख जाणार होता, माझा किंवा मुग्धाचा. तिचे आकडे सरस होते. भिंतींचा वाटा काढायची दोघींची आकडेमोड सरांनी माझ्याकडे दिली. मुग्धा वर्गात उभी राहून बोलते आणि सगळे ऐकतात. मी उत्तर येत असूनही वहीत बघत बसते. मला वाटायचं, हिचं मोठेपणही या लहानशा खोलीपुरतंच असेल. बाहेर पडली की उतरेल.

तिचे आकडे मी आधी घेतले. भिंतींचा वाटा काढल्यावर ते उतरले, तेव्हा मनातून केवढी सुखावले! मग माझे घेतले. भिंती त्याच होत्या; माझेही तितकेच उतरले.

मुग्धा खांद्यावरून डोकावली. “काय गं, बुडाले का मी?”

“नाही. तुझाच जातोय.”

“नीट बघितलंस ना बाई?”

“तीनदा केलंय,” मी म्हटलं.

“माझ्यासाठी एवढं!” म्हणत तिने मला मिठी मारली. हात कुठे ठेवावेत ते न कळून मी तशीच उभी राहिले.