शेवंतीचं वाण

दुबईजवळच्या अजमानमध्ये गाजर गवत मी आणलं. (सगळ्या अजमानचं माहीत नाही; आमच्या कंपाउंडपुरतं श्रेय माझंच.)

त्याला कारण शेजारच्या नेने वहिनी. नव्वदच्या दशकात आमच्या कंपाउंडमध्ये आठ मराठी घरं होती आणि सातांत नेने वहिनींचंच कौतुक चालायचं. त्यांच्या अंगणात त्या वाळूतही मोगरा फुलायचा. माझ्या अंगणात टॉवेल वाळायचे. एका संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकवाचं वाण म्हणून मोगऱ्याची रोपं लुटली आणि बायका वर्षभर तेच घेऊन बसल्या. मी दिलेल्या प्लास्टिकच्या चाळण्या कुणाला आठवतही नव्हत्या. माझा नुसता जळफळाट झाला.

दिवाळीत पुण्याला सासरी गेले तेव्हा शेवंतीचं बी घेतलं आणि बाजूच्या मोकळ्या प्लॉटमधली पिशवीभर काळी माती भरली.

"सामानात माती?" नवरा म्हणाला. "वीस किलोत आपलं लोणचं बसत नाहीये."

"लोणचं राहू दे." (हे वाक्य मी आयुष्यात एकदाच बोलले.)

अजमानला आल्याबरोबर बी पेरलं. पंधरा दिवसांत हिरवीगार, नक्षीदार पानं तरारून वर आली. माझं बालपण गिरगावात तिसऱ्या मजल्यावर गेलेलं, पानावरून झाड ओळखायचा प्रश्नच नव्हता.

"मम्मी, दे आर ग्रोइंग टू फास्ट," लेक म्हणाली.

"माती कुठली आहे, बघ की."

संक्रांतीला सात कुंड्या, सात लाल रिबिनी, सोबत तिळगूळ. नेने वहिनी म्हणाल्या, "अय्या, शेवंती! मला नाही जमली हो कधी." त्या एका वाक्यावर मी महिनाभर तरंगत होते.

मग सासूबाई पुण्याहून आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आतच म्हणाल्या, "हे गाजर गवत कुणी लावलं?"

"शेवंती आहे ती, आई."

"मला शिकवतेस? आपल्या बाजूच्या प्लॉटवर हेच तर माजलंय. याच्यापायी दरवर्षी अंग खाजवून खाजवून जीव जातो माझा. कळ्या धरल्यात बघ. एकदा फुललं की बी गावभर. आणखी कुणाला नाही ना दिलंस?"

मी त्यांची पिशवी उचलून आत निघाले.

"सेव्हन हाउसेस, आज्जी," लेक म्हणाली. "विथ रिबन."

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. "फुलायच्या आत सगळं उपटून आण. यल्ला, नीघ लवकर."

आता लुटलेलं वाण परत मागायचं कसं? तेही सवाष्णींकडून? आणि नेने वहिनींसमोर कबूल करायचं की माझी शेवंती म्हणजे उकिरड्यावरचं गवत? त्यापेक्षा मी अख्ख्या अजमानला खाजवू दिलं असतं. पण सासूबाईंनी कचऱ्याची काळी पिशवी हातात दिली आणि मागोमाग निघाल्या.

पहिल्या घरी मी म्हणाले, "रोपाला कीड लागलीय म्हणे, बघू जरा." ती बाई ओशाळली. "अहो, सॉरी, पाणी घालायचंच राहिलं. वाळून गेलं." मी मोठ्या मनाने माफ केलं. पुढच्या पाच घरांतही तीच कथा. कुठे वाळलेलं, कुठे कोमेजलेलं, आणि प्रत्येक बाई माझीच माफी मागतेय! सहा कुंड्या पिशवीत रिकाम्या झाल्या, अब्रू शाबूत. मला वाटलं, सुटले.

सातवं घर नेने वहिनींचं. त्यांनी माझं वाण कुंडीतून काढून फाटकाशी जमिनीत लावलं होतं. कमरेएवढं झालं होतं, कळ्यांनी गच्च भरलेलं.

"रोज दोनदा पाणी घालते," त्या म्हणाल्या. "तुम्ही इतक्या प्रेमाने दिलेलं."

कीड वगैरे मला सुचेना. खरं काय ते सांगून टाकलं. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आतून हातमोजे घेऊन आल्या. "होतं हो असं," म्हणत त्यांनी स्वतः ते मुळासकट उपटलं, एक कळी गळू दिली नाही. सासूबाई तर त्यांच्यावर फिदाच झाल्या.

घरी आल्यावर शेवटचं उरलेलं, माझं स्वतःचं रोप उपटलं. पिशवीत टाकण्याआधी न राहवून वहिनींच्या रोपाशेजारी धरून बघितलं.

मेलं गवतसुद्धा तिचंच वीतभर उंच होतं.