बोटाखालचं वचन

ये पोरी, जवळ सरकून बस, कागदावर का होईना. अन् आधी थोडी बोलणी खा. सातवीपर्यंत शिकलीस, डोळे धड आहेत, घरात तुझं स्वतःचं पवित्र शास्त्र आहे — आणि मला काहून लिहितेस की आजी, माझ्यासाठी वचन काढून पाठव, मग त्या स्थळाला हो म्हणायचं का न्हाई ते ठरवते? लाज न्हाई वाटत म्हातारीला कामाला लावायला?

न्हाई काढणार मी. काहून न्हाई, ते सांगते. हे कुणाला सांगितलेलं न्हाई. पाळकसाहेबांना न्हाई, मंडळीत उभं राहून न्हाई. प्रार्थनेतसुद्धा — देवाला ठाऊकच आहे की, असं म्हणून मी त्या जागेला वळसा घालत आले.

आमच्या साखरा गावात ख्रिस्ती घरं सातच. कुणाचं काही अडलं की लोक माझ्याकडं यायचे. गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, शास्त्र उघडून बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते प्रभूचं उत्तर. पाळकसाहेब चिडायचे. "बाई, हे काय पोपटवाल्याचं दुकान मांडलंय?" म्हणायचे. पण ते उपासना घ्यायला यायचे महिन्यातून एकदा, आणि माणसांच्या अडचणी तर रोजच्या. वाचता येणारी वस्तीत मी एकटी. शाळा मीही पाहिलेली न्हाई. आमचे मालक वाचत बसायचे अन् मी समोर ज्वारी निवडत असायची, म्हणून अक्षरं मला आधी उलटीच ओळखू आली.

तर — दया. तुझी दयाआत्या. माझ्या मालकांची धाकटी बहीण. मालक गेले तेव्हा घरात आम्ही दोघीच उरलो. मला मूलबाळ न्हाई; तू आजी म्हणतेस ती शेजारपणाची. ती एकोणीस वर्षांची, हात असे की रडतं लेकरू तिच्याकडं दिलं की गप्प. मिशनमधल्या गोऱ्या मिससाहेबांनी ते पाहिलं. म्हणाल्या, दयाला मिशनच्या दवाखान्यात नर्स व्हायला धाडा. तीन वर्षं शिकायचं, मग जिथं नेमतील तिथं राहायचं. बुधवारी गाडी येणार होती.

मी काय बोलले? चांगलं आहे म्हणाले. आणि आत? आत नुसतं एकच — सांजच्याला चुलीपाशी मी कुणाशी बोलू?

मंगळवारी सकाळी ती शास्त्र घेऊन आली.

"वैनी, मला जायचंय. लई जायचंय. म्हणूनच भेव वाटतं. माझ्या मनासारखं नगं. त्याच्या मनात असंल तसं होऊ दे. तू वाच."

तिनं डोळे मिटले. पुस्तक उघडलं ते अगदी सुरुवातीला, पाच-सात पानांवर. बोट ठेवलं. मी समोर बसलेली, मला उलटं वाचायची सवय. काय होतं तिच्या बोटाखाली? तिथंच होतं, जिथं देव त्या म्हाताऱ्या माणसाला सांगतो की आपला मुलूख सोड, बापाचं घर सोड आणि मी दाखवीन तिकडं चालू लाग. साऱ्या शास्त्रात शोधून याहून स्पष्ट काय सापडलं असतं?

आणि मी वाचलं — न्हाई, वाचलं कुठं. तोंडपाठ होतं ते बोलले. स्तोत्रांतलं, प्रभूपुढं निवांत राहा आणि त्याची वाट पाहा, अशा अर्थाचं.

ती म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

"बराबर वाचलंस ना?"

"व्हय. मी कशाला चुकीचं वाचीन?"

तिनं पदरानं डोळे पुसले. आणि हसली गं ती. "चल मंग, कापूस तरी वेचू. न्हाईतर शेतवाली आपल्या नावानं बोंबलंल." बुधवारी मिससाहेबांना तिनं स्वतःच सांगितलं. त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. मी म्हणाले, प्रभूची इच्छा. हे दोन शब्द माझ्या तोंडातून किती सहज निघाले, त्याचं मला अजून नवल वाटतं.

तुला वाटेल पाप एवढंच. एवढंच असतं तर बरं होतं. पुढं तिनं मला म्हटलं, वैनी, मला वाचायला शिकव. तुझ्या आईला मी शिकवलं, गल्लीतल्या चार पोरींना शिकवलं — दयाला न्हाई. आता वेचणी आहे, तुझे डोळे पाणावतात, पुढच्या साली बघू. काहून? तर ती एकदा म्हणाली होती, "माझं वचन पुस्तकाच्या तोंडालाच हाय ना? मी डोळे उघडले तवा पाहिलं. वाचता आलं की रोज ते पान काढीन." माझं स्तोत्र तर पुस्तकाच्या मधोमध. ती वाचायला शिकली असती तर पहिल्याच दिवशी मी उघडी पडले असते. म्हणून अकरा वर्षं मी तिला आंधळी ठेवली. आणि ती? कुणाचं बाळंतपण, कुणाचं गळू — चुलीवरचं गरम पाणी आणि तिचे हात, दुसरं काही न्हाई. लोक म्हणायचे, दयाबाई, तुमी दवाखान्यात पाहिजे होता. ती म्हणायची, त्यानं मला इथंच बसवलं. मी शेजारी बसून ऐकायची. आम्ही दोघी एका ताटात जेवत होतो, आणि तरी त्या घरात मी एकटीच होते. जिच्यासाठी एवढं केलं तिच्याच डोळ्यांत बघता येईना.

यंदा लुटालूट-जाळपोळीच्या धामधुमीत आम्ही सगळे कनेरगावच्या पुढं, राज्याच्या हद्दीपलीकडं वऱ्हाडात पळालो, ते तुला ठाऊक आहे. झाडांखाली माणसं, हगवण लागलेली. दया पोरं धूत हिंडली आणि शेवटी स्वतः पडली. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, "वैनी, माझं वचन वाच."

मी शास्त्र उघडलं.

"माझं बोट ठेव त्याच्यावर."

तेव्हा सांगता आलं असतं. शेजारी कुणी नव्हतं. ती शुद्धीत होती. मी तिचं बोट धरलं आणि ठेवलं — पुस्तकाच्या सुरुवातीच्या त्या पानावर, खऱ्या ओळीवर. आणि तोंडानं पुन्हा तेच स्तोत्र बोलले.

"सारं त्याच्याच मनासारखं झालं," ती म्हणाली. संध्याकाळच्या आत गेली.

तिनं आपलं मन देवाच्या हाती दिलं होतं. ते वाटेत मी काढून घेतलं. तिला मी राहू दे म्हणाले असते तर ती राहिलीही असती कदाचित. पण मी विचारलंच न्हाई. देवाच्या नावानं हुकूम काढला.

मला माफ कर असं मी म्हणत न्हाई. ते तुझं काम न्हाई. तुझ्या स्थळाचं तू प्रार्थना करून, आईबापाशी बोलून ठरव, आणि शास्त्र वाचायचं तर अख्खं पान वाच, स्वतःच्या डोळ्यांनी. माझ्याकडून उत्तर नेऊ नकोस.

पण ये. हुरडा भरत आलाय, आणि सांजच्याला इथं कुणी बोलायला नसतं. लवकर ये.