फुली मारायचा मान

जळकोटला पाचव्या दिवशी भेटायला गेलो आणि सगळे मान खाली घालून बसलेले असताना माझ्या खिशातून दोन तरुण खदाखदा हसले.

गेली होती ती बायकोची मावशी. बायकोची आई लवकर वारली, तेव्हापासून लग्न होईपर्यंत हिनंच तिला सांभाळलं. म्हणजे नात्यानं मावससासू असली तरी माझी खरी सासू तीच. अशा घरी जाताना माणसानं निदान कान तरी रिकामे ठेवावेत. माझ्या डाव्या कानात इअरफोन होता. गाडीवरून उतरल्यावर काढायचा राहिला, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मधमाशा पाळण्यावरच्या एका पॉडकास्टचा भाग चालू होता आणि तो संपायला चार मिनिटं राहिली होती. माझी गुंठाभर जमीन नाही. मधमाशी दिसली तर मी खोली सोडतो. पण चारच मिनिटं राहिली होती.

माझ्या त्या जुन्या ॲपला दोन खोडी होत्या. इअरफोनची चार्जिंग संपली की थांबायचं सोडून ते फोनच्याच स्पीकरवर चालू राहायचं. आणि एक भाग संपला की यादीतला दुसरा कुठलाही आपल्या मनानं उचलायचं. सतरंजीवर बसून मी दुःखी चेहरा करतोय तोवर मधमाशा संपल्या, चार्जिंगही संपली आणि ॲपनं विनोदाचा कार्यक्रम उचलला. फोन बंद करायला मला तीन खिसे चाचपावे लागले. आतल्या खोलीतलं रडणं थांबलं. कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, चालू द्या, चालू द्या, आमचंबी मन रमंल.

शेजारच्या घरून चहा आला, तो माझ्यापाशी येईस्तोवर संपला. बायकांत बसलेल्या बायकोलाही मिळाला नाही. निघताना मावशीची सून दारात आली. माझ्याकडं बघितलंही नाही. बायकोला म्हणाली, "ताई, झालं का समाधान?"

नळदुर्ग येईपर्यंत मी गाडीवर मागं वळून वळून माफी मागत होतो.  शेवटी बायको एवढंच म्हणाली की त्या हसण्याचं मला काही नाही. मी ते माफी मिळाली असं धरलं. पाठीवरचं ओझं उतरलं आणि त्याच उत्साहात ठरवलं, आता चांगलं ॲप शोधायचं.

गरज होतीच. मी तामलवाडीच्या शाळेत कारकून आहे, राहतो तुळजापुरात. जाता-येता रोज तासभर कान मोकळे. त्या तासाच्या जिवावर मी दोनशे बारा पॉडकास्ट धरून ठेवले होते. रोमन राजे, शेअर बाजार, शांत झोप, उपवासाचं शास्त्र, मुलं कशी वाढवावीत. ऐकायचो त्यातले चार-पाच. बाकीचे नुसते धरून ठेवलेले. कुठं काही चांगलं चाललंय असं कळलं की मी लगेच बटण दाबायचो आणि आपण आता या विषयातले झालो असं वाटायचं.

त्या दोनशे बारांत एक बायकोचा होता.

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आठ महिन्यांपूर्वी तिनं म्हाताऱ्या बायकांना बोलतं करायला सुरुवात केली. शेंगोळे कसे करायचे, भांडण कसं मिटवायचं, पहिल्यांदा एसटीत बसलो तेव्हा काय झालं, असलं. गोधड्यांच्या कपाटात डोकं घालून ती प्रस्तावना बोलायची, आवाज घुमू नये म्हणून. दर शुक्रवारी एक भाग. पहिला आला तेव्हा मी चारचौघांत फोन उंच धरून बटण दाबलं होतं, पेढेही आणले होते. आणि तो पहिला भाग मी सात मिनिटं ऐकला.

पुढं मी एक पद्धत बसवली. भागाखाली ती दोन ओळी लिहायची, त्या वाचायच्या आणि रात्री जेवताना म्हणायचं, छान झाला, विशेषतः शेवट. आठ महिने तिला हे पुरलं. एकदा तिनं विचारलं, शेवट काय आवडला? मी म्हणालो, आवाज. ती लाजली होती. ते आठवलं की मला माझ्याबद्दल जे वाटतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दोन महिन्यांपूर्वी भाकरी थापताना तिनं सांगितलं की मावशीला बोलतं केलंय, पण त्या भागाच्या शेवटी एक अडचण आहे. तुम्ही ऐका आणि सांगा, ठेवू का काढू. मी हो म्हणालो. दोन दिवसांनी तिनं परत विचारलं. मी तेव्हा रोमन राजांत होतो. एका कानातलं काढून म्हणालो, "ठेव. त्यात जीव आहे."

तर ॲप. पहिलं घेतलं, त्यात पाचच कप्पे करता येत होते. दुसऱ्यात कप्पे हवे तेवढे, पण उघडलं की ते नवीन नवीन कार्यक्रम सुचवायचं. एका संध्याकाळी माझे दोनशे बाराचे दोनशे एकोणीस झाले. तिसरं मनासारखं निघालं. विषयवार कप्पे, प्रत्येकाचे किती भाग ठेवायचे ते आपण ठरवायचं, आणि इअरफोन गेला की तोंड बंद. दोनदा मुद्दाम चार्जिंग संपवून पाहिलं, गप्प बसलं. जुन्या ॲपमधली यादी जशीच्या तशी इकडं आणायची सोयही होती. पण म्हटलं, आणायच्या आधी निवडून घ्यावी.

निवडायची रीत आमच्या घरात आहे. आम्ही पुजाऱ्यांपैकी. देवीची पाळी थोरला भाऊ सांभाळतो. कुठल्या गावचं कुठलं कुळ देवीला आलं की आमच्याकडं उतरतं, याची गावनिहाय वही असते. दसरा झाला की वडील ती वही मोठ्यानं वाचायचे आणि आई तांदूळ निवडत ऐकायची. सगळ्यांना जेवू तिनं घातलेलं, त्यामुळं कोण आलं आणि कोण नाही हे तिला पाठ. ती म्हणायची, ठेवा. किंवा म्हणायची, काढा. तीन नवरात्रं जे कुळ फिरकलं नाही ते निघायचं. मात्र फुली वडील स्वतः मारायचे नाहीत. ज्याच्यासाठी देवीपुढं हात जोडले त्याचं नाव पुजाऱ्यानं आपल्या हातानं खोडू नये, असा आमच्याकडचा रिवाज. वही आईपुढं सरकायची, पेन ती घ्यायची. फुली मारायचा मान घरच्या बाईचा.

जळकोटनंतरचा पहिला रविवार होता. बायको पायरीवर उन्हाला बसून सुपात तूरडाळ निवडत होती. डोळे सुजलेलेच होते. म्हटलं, तिचंही मन जरा दुसरीकडं जाईल. खालच्या पायरीवर बसलो, जुनं ॲप उघडलं, आणि यादी होती तशीच वरून वडिलांच्या सुरात वाचायला लागलो.

रोमन राजे. काढा. शांत झोप. काढा, तुम्हाला कशाला लागतंय. मुलं कशी वाढवावीत. मुलगी लग्न होऊन लातूरला गेली, काढा. मधमाशा. इथं ती थांबली आणि म्हणाली, ठेवा, जळकोटला उपयोगी पडल्या. मी हसलो. मला वाटलं, बाई रुळावर येतेय.

दहा-बारा झाले की फोन तिच्याकडं द्यायचो, ती डाळीचा हात पदराला पुसून एकेक नाव पुसून टाकायची. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा फोन दिला तेव्हा वाचायच्या भरात मी चष्मा पुसत होतो आणि यादी थोडी पुढं सरकलेली होती.

तिनं बोट उचललं ते तसंच वर राहिलं.

"चौतीस," ती म्हणाली.

मी विचारलं, काय चौतीस?

तिनं फोन माझ्याकडं वळवला. गोधडीचं चित्र, तिच्या कार्यक्रमाचं. भाग चौतीस. शेजारी प्रत्येकाला न ऐकलेला असल्याचा निळा ठिपका. पहिल्याला अर्धा. मी काहीतरी बोलायला लागलो, की मी गाडीवर दुसऱ्या फोनवर, की शाळेतल्या संगणकावर. तिनं ते पुरतं ऐकून घेतलं. ऐकायची तिला सवय आहे. मग ती खाली खाली सरकत मावशीच्या भागापाशी आली.

"हा टाकल्यावर आठव्या दिवशी मी सगळीकडून काढला होता," ती म्हणाली. "तुमच्याकडं आहे अजून."

ॲपचं ते काम चोख होतं. मी ऐको न ऐको, आलेला भाग ते उतरवून ठेवायचं. तिनं फोन सुपातल्या डाळीवर ठेवला आणि बटण दाबलं.

तेवीस मिनिटं आम्ही दोघं पायरीवर बसून होतो. मावशी आधी हुलग्यांबद्दल बोलली, मग तिच्या लग्नात बैल कसा उधळला ते. मी एकदा हसलोही. मग ती म्हणाली, "सून लई गोड हाय माझी. चारचौघांत. कवाड लावलं की ताट असं सरकवती, कुत्र्याफुडं सरकवावं तसं. कुनाला सांगू? आज तुला सांगितलं." थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग बायकोचा आवाज, हळू, मावशे, हे काढून टाकू का गं, लोक ऐकतात. आणि मावशी म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. तुझ्या मालकाला इचार. शिकलेला मानूस हाय. त्यो ऐकंल आन सांगंल, तसं कर."

भाग तिथंच संपला. नवा काही आपोआप सुरू होतो की काय म्हणून मी झडप घालून फोन बंद केला. तेवढं मात्र मला वेळेवर सुचलं.

मग बायकोनं मला सांगितलं, डाळ निवडत निवडत, आवाज न चढवता. तो भाग जळकोटला कुणाच्या तरी मोबाईलवर पोहोचला. पिठाच्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायकांनी तो दोनदा लावून ऐकला, सून रांगेत उभी असताना. त्या दिवसापासून सून सासूशी एक शब्द बोलली नाही. ताट दाराशी ठेवायची आणि जायची. बाहेरच्या खोलीत एकटी बसून मावशीनं शेवटचे चाळीस दिवस काढले. रोज संध्याकाळी बायकोला फोन करायची की कुनी बोलंना गं. बायको भाग काढून बसली होती, पण लोकांनी तो एकमेकांना पाठवलेला. तो काही माघारी येणार नव्हता. मावशीनं मात्र तिला एकदाही दोष दिला नाही. उलट म्हणायची, तुझ्या मालकानं ऐकून ठेव म्हणलं नव्हं, मग आसंल त्यात काय तर बरं.

सून खरंच तसं वागत होती की म्हातारीचा त्या दिवशीचा राग बोलला, मला माहीत नाही. तेवीस मिनिटं ऐकलं असतं तर विचारता आलं असतं. ती रोजचे फोन घ्यायची तेव्हा मी समोरच्या खुर्चीत असायचो, दोन्ही कानांत काहीतरी घालून. ती रडवेली दिसली की मी हातानंच विचारायचो, चहा?

मी म्हणालो, तेराव्याला येतो. सुनेसमोर, सगळ्यांसमोर सांगतो की ठेव म्हणणाऱ्यानं ऐकलंच नव्हतं, तिचा काही दोष नाही. बोलताना मला माझंच जरा कौतुक वाटलं, ते तिला दिसलं असावं.

तिनं फोन उचलला. गोधडीच्या चित्रावर बोट ठेवलं. पुसायचं का, असं ॲपनं विचारलं, आणि तिनं होय दाबलं. फोन माझ्या मांडीवर ठेवला, सूप उचललं आणि आत जाता जाता उंबऱ्यात थांबली.

"येऊ नका तुम्ही," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर सांगीन, घरी ऐकत बसलेत."