फोन करायच्या आधी

रविवारी सकाळी नवरा "दादाला फोन करतो" म्हणाला आणि श्रीखंडाचा जुना डबा घेऊन बसला. त्या डब्यात आमच्या घरातले सगळे सुटे स्क्रू असतात. ते त्याने वर्तमानपत्रावर ओतले आणि लहान-मोठे वेगळे करू लागला. फोन शेजारीच पालथा पडला होता. गणपतीत दोघा भावांचं वाजलं, तेव्हापासून बोलणं नाही.

"अरे, चहा गार होतोय," मी म्हटलं.

"एवढं उरकतो, मग निवांत बोलतो त्याच्याशी."

आधी मला हसू आलं. मग मी बघतच राहिले. या माणसाला आळशी कोण म्हणेल? कपाळावर घाम, आणि गंजलेला एकेक स्क्रू तो जिवापाड पुसत होता. आपल्या मेंदूत खोल कुठेतरी एक फार जुना राखणदार बसलेला असतो. गवतात वाघ हलला की माणसाला मागे खेचायचं, हे त्याचं काम. वाघ आणि सख्ख्या भावाचा 'हॅलो' यांतला फरक त्याला अजून कळत नाही. पण हुशार किती! 'तू घाबरलायस' असं तो चुकूनही म्हणत नाही. 'आधी स्क्रू आवर' म्हणतो. इतक्या मायेने आपल्याला कोण लपवतं!

स्क्रू संपले. त्याने स्पीकरवर फोन लावला. उचलला वहिनींनी.

"भाऊजी, थांबा हं, हाक मारते. हे सकाळपासून माळ्यावर चढलेत. धाकट्याला फोन करायचाय म्हणतात, आणि माळा आवरत बसलेत."