भावजींनी पास केलेली दाढ

या, जरा जवळ सरका. किती दिवसांनी आलात, आणि आल्या आल्या घड्याळ काय बघता? आमच्या धाकट्या दिरांचं ऐकायचं तर घाई चालायची नाही. अख्ख्या बंगळुरात त्यांच्याएवढा खोट काढणारा माणूस झाला नाही, होणार नाही. कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासून पास-नापास करायची नोकरी, ती घरी आल्यावरही अंगातून उतरायची नाही. माझी पुरणपोळी उजेडाकडे धरून म्हणायचे, "वहिनी, डाव्या कडेला स्वल्प जाड आहे." स्वतःच्या मुलीला बघायला आलेल्या मुलाला उभं करून मागून न्याहाळलं आणि म्हणाले, "एक खांदा उतरलाय." जावई सोन्यासारखा निघाला, पण खांद्याबद्दलचं मत आजही तेच.

त्र्याण्णवच्या सुमारास कारखान्याने माणसं कमी केली आणि भावजी पन्नाशीतच घरी बसले. तपासायला काही उरलं नाही. त्यातच खालची दाढ किडली. दातांच्या डॉक्टरीणबाई आमच्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी आतली नस काढली, ठणका थांबला. भावजी उठलेच, "सरी, ठीक आहे, झालं काम!"

"बसा अंकल. दाढ आता पोकळ आणि ठिसूळ झालीय. कॅप घातली नाही तर चावताना चिरेल, मुळापर्यंत चिरली की काढावीच लागेल."

मी सोबतीला होते. कॅप म्हणजे वरून टोपी घालत असतील, एवढीच माझी समजूत. बाईंनी दाढ चहूबाजूंनी घासून एवढीशी खुंटी केली, तेव्हा मला राहवेना. वाचवायला आणली ना हो ही दाढ? "घासल्याशिवाय कॅपला जागा कुठली, आंटी?" म्हणे. पुढच्या आठवड्यात कॅप आली. बाईंनी दातांत निळा कागद धरून चावायला लावलं. जिथे निळं उमटतं तिथे उंच. भावजींचे डोळे चमकले. "अहो, आम्हीही निळं लावूनच उंचवटा शोधायचो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले तर काय बघते! आरशापुढे भावजी, आ वासलेला, ओठ-हनुवटी निळीशार, एका हातात टायपिंगचा कार्बन, दुसऱ्यात बारीक कानस. जाऊबाई दारात डोक्याला हात लावून.

"अहो भावजी!"

"कॅप बरोबर आहे, वहिनी. वरची दाढच केसभर जास्त आहे. तीच घासतो."

"देवाने दिलेली?"

"देवाकडे तपासणी खातं कुठाय?"

तशाच निळ्या तोंडाने त्यांना ऑटोत घातलं. बाई तर खुर्चीवरून उठल्याच. "अंकल, दाताचं कवच एकदा गेलं की परत येत नाही!" नशीब, कानस लागायच्या आत पोचले होते मी. कॅपच किंचित उंच होती, ती बाईंनी घासली. मग काय वाटलं कोण जाणे, छोटा आरसा त्यांच्या हातात दिला. "आता तुम्ही बघून सांगा."

भावजी ताठ बसले. चावलं, बघितलं, परत चावलं. बाहेर माणसं खोळंबलेली, पण बाईंनी घाई केली नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पास." आणि आरसा पुसून परत दिला.

ती दाढ अजून शाबूत आहे. भावजी मात्र थकलेत, दिवसभर खिडकीत बसून असतात, आणि त्यांच्यापुढे तपासायला काही धरायचं कुणाला सुचत नाही. तेव्हा पुढच्या खेपेला इतके दिवस लावू नका, लवकर या, आपण मिळून त्यांच्याकडे जाऊ. तुमच्या हातचं काहीतरी आणा, लाडू म्हणा, विणकाम म्हणा. अगदी बिनचूक मात्र नको हं.