धुतलेली पट्टी

प्रयोगशाळेत सगळे तिला घासणीबाई म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. स्वच्छतेचं वेडच होतं तिला. नवरा म्हणे, "मला एका जागी फार वेळ ठेवू नकोस, एक दिवस मलाही पुसून फडताळात ठेवशील." फुप्फुसं निकामी झाल्यापासून तो एका जागीच बसून असे. घर तिच्या नोकरीवर चाललं होतं आणि नोकरी एका काचेच्या पट्टीवर.

बोटभर पट्टी, आत केसाएवढे पोकळ मार्ग. एका तोंडातून सोन्याच्या क्षाराचं पाणी सोडायचं, दुसऱ्यातून त्याचं सोनं करणारं औषध, तिसऱ्यातून तेल. तेलात थेंब सुटत आणि बघता बघता डाळिंबी होत. रंग आला की समजायचं, सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार झाले. धुरातला विषारी वायू निवळायला उत्प्रेरक म्हणून ते लागत. बाकीच्या पट्ट्या घटकाभरात तुंबायच्या. ही एकच, वारलेल्या मोठ्या सरांनी केलेली, इमानेइतबारे चाले. ती का चालते, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

वरून साहेब येणार होते. त्यांच्यासमोर पट्टी न तुंबता चालली तरच विभाग राहणार होता.

आदल्या दुपारी तिला पट्टीच्या आत करडा थर दिसला. चारचौघांत असली कळकट वस्तू ठेवायची म्हणजे लाजच. तिने जालीम आम्ल सोडून पट्टी आतून धुतली. लख्ख पट्टी उजेडात धरून तिने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

साहेबांसमोर थेंब आले, डाळिंबी झाले आणि काचेला चिकटले. सोनं साचत गेलं, मार्ग बुजला. साहेबांनी चहा घेतला आणि ते निघून गेले.

"हिला काल काही केलंत का?" धाकट्या सरांनी विचारलं.

"धुतली मी. आत थर बसला होता."

सर खुर्चीत टेकले. "त्या थरामुळेच चालत असणार, बाई."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तसा थर पुन्हा बसवायला तिने जंग जंग पछाडलं, पण हाती काही लागलं नाही. शेवटी विभाग बंद झाल्याचा निरोप आला. घरी काय सांगायचं, याची ती मनात जुळवाजुळव करू लागली.

"खोली दुसऱ्यांना द्यायचीये," सर म्हणाले. "जाण्याआधी तेवढी स्वच्छ करून द्या. तुमच्यासारखं कुणाला जमणार?"

त्यात टोमणा नव्हता, आणि तेच तिला सहन झालं नाही. तिने बादली भरली आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली.