घडी न मोडलेली चित्रकथा

माझी मावशी ताईबाई लुगडी विकायची. दुकान नव्हतं. बारामतीच्या ठोक दुकानातून माल उचलायचा, गाठोडं बांधायचं, एसटी धरायची आणि कधी पणदरे, कधी वडगाव निंबाळकर, कधी इंदापूर तालुक्यात आपल्या कळस गावाच्या आसपास दारोदार फिरायचं. नवरा गेल्यावर तिने हा धंदा धरला, तो बावीस वर्षं सुटला नाही.

सुरुवातीला आमच्या समाजाच्या बाईकडून लुगडं घ्यायला पुष्कळ घरं बिचकायची. तोंडावर कुणी काही बोलत नसे. ‘आत्ता नको ताईबाई, सुगीला बघू’ म्हणायचे. ती सुगी यायला काही घरांत सात-आठ वर्षं लागली. मावशीने त्यावर एकच उपाय केला, मालाबद्दल कधी खोटं बोलली नाही. रंग जाणार असेल तर घेणारीने विचारायच्या आधीच सांगायची, “पयल्या पाण्याला रंग सोडंल बरं का, वायलं धुवा.” अशानं धंदा बुडतो असं कुणालाही वाटेल. तिचा वाढला. पुढे पुढे तर बायका दुसऱ्याकडून घेतलेलं पातळसुद्धा आधी ताईबाईला दाखवायच्या. बावीस वर्षांत तिने कमावलं ते हे नाव, आणि ते मी एका दुपारी घालवत आणलं होतं.

माझं नाव प्रियदर्शनी. १९९९ साली बारामतीत माझा संगणकाचा क्लास होता. तीन संगणक, एक फोन, आणि त्या फोनवर लागलं तर इंटरनेट. ते लागताना किंचाळायचं, आणि लागलं की फोन अडकून पडायचा. बिलाच्या धाकाने मी सगळं घाईत उरकायची. आपल्याला इंग्रजी फार चांगलं येतं असा तेव्हा मला माज होता. आता कमी झालाय, कसा ते सांगते.

जुन्या चित्रकथा जमवणाऱ्या लोकांची एक साइट मला सापडली होती. कुणाकडे काय विकायला आहे ते तिथे लिहायचं आणि ज्याला हवं त्याने मागवायचं. मावशी माल घ्यायला आली की चहाला क्लासवर टेकायची. एकदा पडद्यावरचं चित्र बघून म्हणाली, असलं एक पुस्तक माझ्या पेटीत हाय. तिचे मामा दौंड स्टेशनावर पुस्तकांच्या स्टॉलवर कामाला होते. घराण्यात सातवीपर्यंत शिकलेली मुलगी ती एकटीच, म्हणून तिच्या लग्नात त्यांनी भांडं न देता चित्रकथा दिली होती. नाव ‘चंद्रावर नांगरणी’. कुणा हौशी माणसाने काढलेली, पहिला अंक निघाला आणि दुसरा निघालाच नाही. मावशीने ती लग्नातल्या शालूत ठेवली, सवडीने वाचू म्हणून. तेहतीस वर्षांत सवड काही मिळाली नाही.

“मग आता तरी वाच की,” मी म्हटलं.

आता पहिल्यांदा कुणीतरी हौसेनं वाचणाऱ्याकडे जाऊ दे, ती म्हणाली. माल पेटीत पडून राहिलेला तिला बघवत नसे.

मी लगेच इंटरनेट लावलं. आमच्याकडे फोटो चढवायची सोय नव्हती, पुस्तकही कळसला होतं, म्हणून साइटवाले विचारत होते ते एकेक मी मावशीला विचारत गेले. फाटलंय का? नाही. डाग? नाही, पेटीत कडुनिंबाचा पाला असतो. घडी? “घडी मोडल्याली न्हाय,” मावशी म्हणाली. मी इंग्रजीत टाइप केलं, घडी नाही. विकणाऱ्याचं नाव, ताईबाई, मुक्काम कळस.

आठ दिवसांत हैदराबादच्या कुणा एस. रविंद्र यांनी मागणी केली, पैशाची मनीऑर्डर आली, आणि मावशीने पुस्तक कापडात शिवून इंदापुराहून रजिस्टर केलं. तिला भारी गंमत वाटली. इतक्या लांबचं गिऱ्हाईक तिला कधी मिळालं नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ई-मेल आली. पुस्तक मधोमध घडी घातलेलं निघालं. घडी नाही असं लिहून तुम्ही ते विकलंत. आता उघडायला गेलो तर जुना कागद घडीवर तुटेल, म्हणून मी ते उघडलेलंही नाही. एवढंच असतं तर ठीक होतं. पण त्यांनी साइटवरही लिहिलं होतं, सगळ्यांना दिसेल असं: कळसची ताईबाई लबाड आहे, तिच्याकडून काही घेऊ नका.

मी भडकले. आमच्या मावशीला लबाड म्हणणारा हा कोण टिकोजीराव? मी तिथल्या तिथे दणदणीत उत्तर लिहिलं की पुस्तक सरळ होतं, पोस्टात कुणीतरी दुमडलं असेल, आधी नीट चौकशी करा आणि मग आरोप करा. पाठवणार तोच फोनची लाइन गेली. ती गेली म्हणून वाचले, कारण दुसऱ्या दिवशी मावशी आली आणि गिऱ्हाइकाला माल आवडला का म्हणून तिने विचारलं.

खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण तिच्यासमोर ते जमेना. ई-मेल मराठी करून वाचून दाखवली. साइटवरचं तेवढं हळू आवाजात वाचलं. मावशीने चहाची बशी खाली ठेवली.

“लबाड म्हंजी मला म्हनला का?”

मी मान हलवली. ती म्हणाली, तू काय लिवलं व्हतंस ते दाखव. मी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, घडी नाही.

“मी मोडल्याली न्हाय म्हनले, दर्शने. तू मोडल्याली गाळलंस आन् न्हाय तेवढं ठिवलंस.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मामांनी पुस्तक मधोमध दुमडून हातात दिलं होतं, ते तसंच शालूत राहिलं. मावशी लुगड्याच्या धंद्यातलं माणूस. घडी मोडली नाही म्हणजे कुणी अंगाला लावलं नाही, कोरं करकरीत आहे. मावशीच्या लेखी त्या घडीइतका दुसरा पुरावा नव्हता. आणि चित्रकथा जमवणाऱ्याच्या लेखी तीच घडी म्हणजे मालातली खोट. मी एक शब्द गाळून ध चा मा केला होता. कर नाही त्याला डर कशाला म्हणतात, पण इथे कर माझा होता आणि डर मावशीच्या वाट्याला आली होती.

तरी मी म्हटलं, पोस्टावर ढकलून मोकळं होऊ, हैदराबादहून कोण येतंय बघायला. मावशीने ते कानावरही घेतलं नाही. मग तिने तक्रार कशी घ्यायची ते मला सांगितलं. ज्या घरातून तक्रार आली तिथं त्याच दिवशी जायचं. गेल्यावर आधी प्यायला पाणी मागायचं, म्हणजे रागावलेल्या बाईला दोन मिनिटं आत जावं लागतं. मग लुगडं आपल्या मांडीवर घेऊन खोट आपल्या डोळ्यांनी बघायची. ‘आमचा माल असा नसतोच’ हे वाक्य मेलं तरी बोलायचं नाही. आणि खोट आपली असली तर तिने मागायच्या आधी परत घ्यायचं.

“हैदराबादला पाणी मागायला कशी जाशील?” मी विचारलं.

“पत्र लिवते,” ती म्हणाली.

मी इंग्रजी करून देते म्हटलं. तर म्हणाली, एकदा केलंस तेवढं इंग्रजी पुरं झालं. माणूस हैदराबादचा, नाव एस. रविंद्र, त्याला मराठी कुठलं येतंय, असं मी समजावू लागले. त्यावर ती म्हणाली, मराठी पुस्तक मागवलंय ना त्यानं, मग त्याच्या घरात मराठी वाचणारं कुणीतरी असणार. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते मलाच. महिनाभर मी हा साधा विचार केला नव्हता.

क्लासमधल्या बाकावर बसून तिने दोन पानं लिहिली. सातवीतलं अक्षर, पण एकही खाडाखोड नाही. त्यात तिने घडीचा घोटाळा सांगितला. लुगड्याची घडी मोडणं म्हणजे काय, आणि आमच्याकडे नवं लुगडं आपण नेसायच्या आधी जिवाभावाच्या बाईला नेसवतात, तिच्या हातून घडी मोडून घेतात, हेही लिहिलं. चूक आमच्या घरात झाली, तुमचे पैसे बाजूला काढून ठेवले आहेत, पुस्तक आमच्या खर्चाने परत पाठवा किंवा ठेवा, तुमची मर्जी. आणि शेवटी, कोरडं उघडू नका. पेटीत राहिलेला जुना शालू झटकून उघडला की घडीवर चिरतो. दोन दिवस दमट फडक्यात गुंडाळून ठेवा, फडकं ओलं नको, दमट.

माझ्यावर दुसरं काम आलं. साइटवर लिहायचं की चूक विकणाऱ्या बाईंची नाही, लिहून घेणारीची आहे, आणि खाली माझं नाव. मी कां कूं केलं. ज्या क्लासची पाटी ‘उत्तम इंग्रजी’ सांगते त्या क्लासच्या बाईने आपल्याला नीट ऐकता येत नाही असं जगाला सांगायचं. मावशी बाजूला उभी राहिली, आणि मी लिहिलं. लाज वाटली हे खरं. पाठवल्यावर मोकळं वाटलं हेही खरं.

पुढचे बारा दिवस काही आलं नाही. मावशी फेऱ्या करत होती, पण तिचं लक्ष उडालं होतं. पणदऱ्याला एका घरी पातळ दाखवताना ‘पक्का रंग हाय’ म्हणायला तोंड उघडलं आणि तिची जीभ अडखळली. आपला शब्द ऐकणाऱ्याला तसाच पोचतो की नाही, अशी शंका तिला आयुष्यात पहिल्यांदा आली होती. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मला एका शब्दाने दुखावलं नव्हतं, हे जास्त लागत होतं.

तेराव्या दिवशी फोन आला. पलीकडून माणूस मराठीच बोलत होता, हिंदी वळणाचं, पण मराठी. हे रविंद्र. आजोबांपासून हैदराबादेत, नाव लिहायची तऱ्हा तिकडची. बोलता येतं पण मराठी वाचता येत नाही, म्हणून पत्र आईने वाचून दाखवलं. आई घडीपर्यंत आली आणि हसायला लागली, मग हसता हसता गप्प झाली. पैसे परत नकोत, ते म्हणाले. मे महिन्यात पुण्याला येतोय, बारामतीला उतरून जाईन.

आणि खरंच आले. पन्नाशीचे, चष्मेवाले, मुलखाचे भिडस्त गृहस्थ. मावशी सकाळपासून क्लासवर येऊन बसली होती. ते आले, चपला बाहेर काढल्या आणि बसायच्या आधी म्हणाले, “मावशी, मला थोडं पाणी द्याल का?” पत्रात पाण्याचं काही नव्हतं. उन्हाचा तडाखा होता म्हणूनच मागितलं असेल. पण मावशी पाणी आणायला वळली तेव्हा तिचा चेहरा सैल झाल्याचं मी पाहिलं.

पाणी पिऊन ते माझ्या संगणकापाशी आले आणि इंटरनेट लावायला सांगितलं. ते किंचाळून लागलं. त्यांनी आपलं जुनं लिखाण काढून टाकलं आणि त्या जागी नवं लिहिलं. मावशीला मी ते मराठीत सांगितलं, या वेळी एकेक शब्द तपासून: या बाईंनी सांगितलं ते अक्षरशः खरं होतं, ते आम्हाला समजलं नाही. मावशीने ते दोनदा सांगायला लावलं. मग सुस्कारा सोडला. बावीस वर्षांचं नाव जागेवर आलं आणि मला रडू फुटलं. संगणकाकडे तोंड करून मी ते आवरलं.

मला वाटलं, काम झालं. पण रविंद्रांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं पुडकं काढलं आणि मावशीच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. आत ‘चंद्रावर नांगरणी’, दौंडच्या मामांनी दुमडली तशीच.

“दोन दिवस दमट ठेवलंय, तुम्ही लिहिलं तसं,” ते म्हणाले. “आई म्हणाली, घडी आपण मोडायची नाही. त्यांच्या हातून मोडून घेऊन ये.”

मावशी पुस्तकाकडे बघत राहिली. रविंद्रांना वाटलं आपलं काही चुकलं. ते माझ्याकडे बघू लागले. मलाही कळेना.

“बावीस वरसं लुगडी इकली मी,” मावशी म्हणाली. “घरोघरच्या बाया नेसल्या. पर घडी मोडाय मला आजवर कुनी बोलावलं न्हवतं.”

तिने पदराला हात पुसले, पुस्तक जवळ ओढलं, आणि बोटांच्या पेरांनी, अगदी सावकाश, घडी मोडली. कागद तुटला नाही.